पाटी घ्यावी की लॅपटॉप: कोल्हापूरचे पाच दिवस

२००६च्या फेब्रुवारीत मी नागपूरहून कोल्हापूरला गेले तेव्हा माझ्याकडे कॅमेऱ्याशिवाय आणखी दोन यंत्रं होती. एक जुना लॅपटॉप, साडेतीन किलोचा, सीडी लिहिणारा, बॅटरी जेमतेम पाऊण तास टिकणारा. दुसरा टॅब्लेट, शाळेच्या पाटीएवढा. त्याला कळफलक नव्हता, सगळं काम काचेवर पेनानं करायचं. तेव्हा असं यंत्र फार कुणी पाहिलेलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

पुण्याच्या एका प्रकाशकासाठी मी हातानं होणाऱ्या कामांचे फोटो काढत होते. त्यांना आम्हा तीन फोटोग्राफरांना बाहेरगावच्या कामासाठी एकेक यंत्र घेऊन द्यायचं होतं. टॅब्लेट घ्यावा की लॅपटॉप, हे वापरून सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "पाच दिवस दोन्ही वापर आणि मला दोन ओळींत कळव."

परत आल्यावर दोन ओळी लिहायला बसले आणि त्या लिहिता येईनात. म्हणून हे सविस्तर.

उचगाव, शनिवार

कोल्हापूर शहराला चिकटलेल्या उचगावात सुमनताई कांबळे राहतात. त्या कोल्हापूरच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारी त्यांच्या घरची माणसं माझ्या लहानपणापासून आमच्याकडे उतरत आली. आमच्या दोन खोल्यांत तेव्हा पंधरा-पंधरा माणसं झोपायची. त्यामुळे मी कोल्हापूरला येणार म्हटल्यावर लॉजचं नाव काढायचीही सोय नव्हती.

"वंदना, लॉजवर उतरलीस तर परत तोंड दाखवायचं न्हाय बघ," असं त्यांनी फोनवरच बजावलं होतं.

आमच्याकडे पाहुण्याला आधी बसवतात, पाणी देतात, मग हळूच विचारतात. इथं दारातूनच मोठ्यानं चौकशी सुरू होते आणि शेजारचे दोघं-तिघं उत्तर ऐकायला थांबतात. पहिल्या तासाला मला वाटलं, घरात भांडण चाललं आहे. ते कौतुक होतं. दुसरं नवल म्हणजे इथल्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात. सुमनताई "मी ड्युटीला जातो" म्हणाल्या तेव्हा मी हसले. मग मी "आंघोळ करून राहिली" म्हटलं आणि अख्खी गल्ली हसली. फिटंफाट झाली.

ज्वारीची भाकरी, खर्डा, दही आणि उसाच्या हंगामातली ताजी काकवी असं जेवण झालं. आमच्या सावजीच्या तिखटाचा मला अभिमान आहे, पण त्या खर्ड्यानं डोळ्यांतून पाणी काढलं. जेवण चालू असतानाच वीज गेली. भारनियमन. भिंतीवर कॅलेंडरशेजारी वीज जाण्या-येण्याच्या वेळा खडूनं लिहिलेल्या होत्या.

अंधारात मी टॅब्लेट सुरू केला आणि रस्त्यात काढलेले ऊसगाड्यांचे फोटो दाखवले. तो हातोहात फिरला. लॅपटॉपपुढं माणसांना गोळा व्हावं लागतं, टॅब्लेट माणसांकडं जातो. त्याच दिवशी मी मनात टॅब्लेटच्या बाजूनं कौल देऊन टाकला.

जोतिबा, रविवार

जीप ठरवली होती. चालक युवराज, चाळिशीचा, डोक्याला टॉवेल. बोलण्यात एक शब्दही कमी करायचा नाही, अशी शपथ घेतल्यासारखा. माघातला रविवार होता. या महिन्यातल्या रविवारी कोल्हापूरची माणसं चालत जोतिबाच्या डोंगरावर येतात, त्याला खेटे म्हणतात. पहाटे निघालेल्या बाया हातात चपला घेऊन चढ चढत होत्या आणि वळणावळणाला "चांगभलं" उठत होतं.

देवळाच्या आवारात सगळं गुलाबी होतं. फरशी, कळस, माणसांच्या भुवया, कुत्र्यांच्या पाठी. मी नारळ-गुलाल विकणाऱ्या एका दुकानदाराचे हात टिपत होते. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं म्हणून बदलायला काढलं, गर्दीचा धक्का बसला आणि नवं कोरं कार्ड हातातून निसटून गुलालात पडलं.

सापडलं, पण त्याच्या कडेच्या बारीक छिद्रांत गुलाल गच्च बसला होता. तसंच कॅमेऱ्यात घातलं असतं तर आतल्या सुया वाकल्या असत्या. माझ्याकडं दोनच कार्डं होती, आता एकच उरलं.

त्या एका कार्डावरचे फोटो उतरवून ते रिकामं करायला मी जीपमध्ये लॅपटॉप उघडला. टॅब्लेटची काच उन्हात आरशासारखी झाली होती, तिच्यात माझंच तोंड दिसत होतं. तेवढ्यात शेजारून एक कुटुंब गुलाल उधळत गेलं. मूठभर गुलाल खिडकीतून आला आणि कळफलकावर पसरला. मी फुंकर मारली, तसा तो आणखी आत गेला.

"चांगभलं झालं की," युवराज म्हणाला. "आता मशीन बिघडायचं न्हाय बघा, देवाचा परसाद हाय."

कबनूर, सोमवार

कबनूर इचलकरंजीला लागून आहे. गावात शिरायच्या आधीच आवाज येतो. खटखटखटखट, घराघरातून, गल्लीगल्लीतून. यंत्रमाग. काही वेळानं तो कानांना नाही, दातांना जाणवतो.

ज्यांच्या शेडमध्ये मला जायचं होतं त्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. सोळा माग, शेजारीच घर. "या की पावणं, आधी जेवा, मग काय फोटो काढायचं ते काढा," म्हणून त्यांनी सकाळी साडेनवालाच पिठलं-भाकरी पुढं ठेवली. नको म्हणायची सोय नव्हती. शेडकडं निघताना अण्णांच्या घरच्या वहिनींनी माझ्या हातात भडंगाची पुडी दिली.

शेडमध्ये उजेड सुंदर होता. पत्र्यातल्या काचांतून खाली येणाऱ्या तिरिपीत सुताचे तंतू तरंगत होते. सात नंबरच्या मागावर सदाशिव होता, तीस-बत्तीसचा, सीमेपलीकडच्या एका कानडी गावातून आलेला. मला तो पहिल्या वाक्यापासून 'अक्का' म्हणायला लागला. त्याची बायको गंगव्वा भिंतीकडेला बसून कांड्या भरत होती. कांडी म्हणजे सूत गुंडाळलेली छोटी नळी. ती धोट्यात बसते आणि धोटा मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारतो. लाकडी, दोन्ही टोकांना पोलादी अणी.

"अक्का, हितं उभं ऱ्हावा. तितं न्हाय," सदाशिव मला हातानं मागं सारत ओरडला. "धोटा कवाबवा उडतोय."

मी मागं सरले. दोन तास भरपूर फोटो काढले. त्याचे हात, तुटलेला दोरा जोडताना वाकलेली मान, एकदा कॅमेऱ्याकडं बघून हसताना सबंध तो आणि त्याचा माग.

बाराला वीज गेली. सोळा माग एका दमात थांबले. त्या शांततेनंच मी दचकले. सगळे कामगार दाराशी सावलीत आले. मी कार्ड टॅब्लेटला जोडलं, फोटो उतरवले आणि टॅब्लेट त्यांच्या हातात दिला. सदाशिवनं पेनानं स्वतःचा फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, गंगव्वाला दाखवला. ती तोंडावर पदर घेऊन हसली. अण्णाही आले, त्यांनीही पाहिला. "भारी पाटी हाय," म्हणाले.

एक प्रत लॅपटॉपवरही ठेवायचा माझा नियम होता. जीपमध्ये जाऊन कार्ड लॅपटॉपला लावलं. बॅटरी थोडी उरली होती आणि चार्जर उचगावला राहिला होता. फोटो एकेक करून उतरत होते. निम्मे झाले असतील नसतील, तोच वीज आली आणि माग सुरू झाले. उजेड सरायच्या आत आणखी फोटो हवे होते. मी घाईनं कार्ड काढलं, लॅपटॉप मिटून सीटखाली टॉवेलात गुंडाळून ठेवला आणि आत गेले.

पंधरा मिनिटं झाली असतील. मी सात नंबरपासून तीन पावलांवर होते. आवाजात काही वेगळं ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की सदाशिव खाली बसला. कुणी दमून बसावं तसा. मग त्यानं डाव्या डोळ्यावर दाबलेल्या हाताच्या बोटांतून रक्त आलं. धोटा त्याच्या मागं फरशीवर पडला होता.

माझं बोट कॅमेऱ्यावर होतं. चार-पाच फोटो निघाले. मी ते मुद्दाम काढले की सवयीनं निघाले, हे मला आजही सांगता येत नाही. मग मी कॅमेरा सोडला आणि धावले.

युवराजनं जीप दाराशी लावली. दोघांनी सदाशिवला उचलून मागं बसवलं, गंगव्वानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ती रडत नव्हती, कानडीत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी चढणार तोच अण्णा जीपच्या दारात आडवे उभे राहिले. त्यांच्या हातात माझा टॅब्लेट होता. दाराशी ठेवलेला तो मी विसरले होते.

"ताई, फोटो काढलासा तुमी?"

"अण्णा, आधी दवाखाना."

"जावा की. माझी ना न्हाय. ही पाटी ऱ्हाऊ दे हितं. आणि कॅमेऱ्यातलं कार्ड द्या." त्यांचा आवाज चढला नव्हता. "उद्या तपासणीवाले येतील, काय बाय ईचारतील. मला माझं घर हाय."

"अण्णा, सोडा!" युवराज ओरडला. "डोळा जाईल त्येचा!"

अण्णा हलले नाहीत. मी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, कार्ड काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि जीपमध्ये चढले. विचार केला नाही. टॅब्लेट माझा नव्हता, फोटो माझे होते, दोन्ही त्या क्षणी मला बिनमहत्त्वाचे वाटले.

हातकणंगले मागं पडल्यावर युवराज आरशातून बघत म्हणाला, "ताई, सीटखालच्या मशीनमदी कायच न्हाय व्हय?"

तोपर्यंत मला लॅपटॉपची आठवणही झाली नव्हती. मी तो ओढून उघडला. पडदा क्षणभर उजळला आणि विझला. बॅटरी संपली होती.

डोळ्याचं काम म्हणून आम्ही थेट कोल्हापूरला सुमनताईंच्या दवाखान्यात गेलो. त्या ड्युटीवर होत्या. त्यांनी एका मिनिटात स्ट्रेचर आणलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन गंगव्वाला म्हणाले, डोळा जागेवर ठेवलाय, पण दिसेल असं धरून चालू नका. ती म्हणाली, "एक तरी हाय न्हवं?"

उचगावला परत आलो तर गल्लीचा डीपी जळालेला. सकाळपर्यंत वीज येणार नव्हती.

कोल्हापूर, मंगळवार

सकाळी लॅपटॉप आणि चार्जर घेऊन मी सुमनताईंबरोबर दवाखान्यात गेले. वॉर्डात शिरलो तर अण्णा आधीच आलेले. चिकूंची पिशवी, दुधाचा तांब्या, बगलेत माझा टॅब्लेट. त्यांनी तो मला दिला. "घ्या. सगळं पुसून टाकलंय. आमच्याकडं बी कॉम्प्युटर हाय, मला म्हाईत हाय. कचऱ्याचा डबा बी रिकामा केलाय." कार्ड त्यांनी दिलं नाही, मी मागितलंही नाही.

मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. मी वाचला. धोटा अडवण्यासाठी मागापुढं लोखंडी सळई बसवतात. ती सोमवारी सकाळपर्यंत सात नंबरच्या मागाला होती आणि कामाला अडचण होते म्हणून सदाशिवनं दुपारी स्वतः काढली, असं त्यात लिहिलं होतं. खाली सहीची जागा.

सदाशिवच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. तो औषधाच्या गुंगीत होता. तरी म्हणाला, "अण्णा, ती सळई दिवाळीपासनं न्हाय. तुटली तवा मी दोनदा सांगितलं."

"आरं, सगळेच काढत्यात सळई. दोरा जोडायला येळ जातोय म्हणून तुमीच काढता, आणि घोर आमाला." अण्णांनी पेन पुढं केलं. "सही कर. दवाखान्याचं सगळं मी बघतो. कागद न्हाय झाला तर माझं बी हात बांधलेलं."

सदाशिवनं पेन घेतलं. गंगव्वा त्या कागदाकडं बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

सुमनताई दोघांच्या मध्ये आल्या. थर्मामीटर झटकत, अगदी शांतपणे. "पेशंटला गुंगी हाय. आत्ता सही चालत न्हाय. अकरा वाजता या, मग बघू." त्यांनी सदाशिवच्या हातातून पेन काढून अण्णांना परत दिलं. अण्णा काही बोलणार होते, पण वॉर्डातली वीस माणसं बघत होती. ते बाहेर गेले.

साडेनऊ झाले होते.

नर्सच्या खोलीत लॅपटॉप भिंतीला जोडला. सुरू झाला. पासवर्ड मागितला. मी टाकला, चूक. पुन्हा टाकला, चूक. तिसऱ्यांदा कळलं की एक कळ खाली जातच नव्हती. जोतिबाचा गुलाल तिच्याखाली घट्ट बसला होता. मी कळ दाबत राहिले.

"सरक बाजूला," सुमनताई म्हणाल्या. त्यांनी एका निर्जंतुक सुईचं पाकीट फोडलं, कळ अलगद उचकटली, स्पिरिटचा बोळा काडीला गुंडाळून खालची जागा पुसली. बोळा गुलाबी झाला. दुसरा बोळा, तिसरा. बाहेरून कुणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारत होतं. त्या "आलो, आलो" म्हणत होत्या, पण हलल्या नाहीत. कळ परत बसली. पासवर्ड लागला.

सोमवारचे फोटो तिथं होते. सगळे नाही. सत्त्याऐंशी. शेवटचा अर्धा उतरलेला, खालचा भाग राखाडी. अपघाताचा एकही नव्हता, असणारही नव्हता. ते फोटो गेले होते. मला एकदम रिकामं वाटलं. मग मी पहिल्यापासून एकेक बघायला लागले.

एकसष्टावा फोटो सदाशिव हसत असलेला होता. तो आणि त्याचा सबंध माग. मी फोटो मोठा केला. सळई बसवायच्या दोन्ही जागा स्पष्ट दिसत होत्या. सळई नव्हती. नटबोल्टची भोकं गंजलेली, त्यांच्यावर सुताच्या फुफाट्याचा जाड थर, आणि एका कोपऱ्याला अडकवलेलं फडकं. हे त्या दिवशी काढून ठेवलेलं नव्हतं, कित्येक महिन्यांचं होतं. फोटोसोबत कॅमेऱ्यानं वेळही नोंदवलेली होती, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं.

सुमनताई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "आता काय करणार?"

मला माहीत नव्हतं. त्या माणसाच्या घरी मी जेवले होते. प्रकाशकानं मला फोटो काढायला पाठवलं होतं, भांडायला नाही. पण तो फोटो माझ्यापेक्षा सदाशिवचा होता.

"सदाशिवला दाखवते," मी म्हटलं.

साडेतीन किलोचं धूड, वर भिंतीला दोरीसारखी लटकलेली वायर, ते झोपलेल्या माणसापुढं कसं धरायचं? मी पेन ड्राइव्हवरून तो एक फोटो टॅब्लेटवर घेतला आणि टॅब्लेट सदाशिवच्या हातात दिला. त्यानं तो उजव्या डोळ्यासमोर, अगदी नाकाजवळ आणला. बराच वेळ बघत राहिला. काचेवर त्याचे दोन्ही डोळे हसत होते. मला वाटलं, दाखवायला नको होता.

"सळई न्हाय," तो म्हणाला. "हे बघ की गंगव्वा. फडकं हाय माझं. तूच दिल्यालं."

गंगव्वानं फोटो नीट बघितला. मग माझ्याकडं वळली. "अक्का, ह्यो आमाला घरी न्हेता येईल असा द्या. तुमी उद्या जाणार."

टॅब्लेटवरून तसा देता येत नव्हता. मी परत नर्सच्या खोलीत गेले. लॅपटॉपमध्ये कोरी सीडी घातली. ती लिहून व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. त्या दवाखान्यात वीज जाणार नाही असं सुमनताई म्हणाल्या होत्या, तरी मी पंख्याकडं बघत उभी होते. मी दोन सीडी केल्या, एक गंगव्वाला, एक सुमनताईंकडं ठेवायला.

अकराला अण्णा आले. कागद हातात. गंगव्वा पलंगापाशी उभी होती, सीडी पदराखाली. मी त्यांना वऱ्हांड्यात गाठलं आणि टॅब्लेट पुढं केला.

त्यांनी बघितलं. काच पुसली, पुन्हा बघितलं.

"पुसलं हुतं मी," ते म्हणाले.

"दुसऱ्या यंत्रात होता."

"ताई," त्यांचा आवाज एकदम खाली आला, "तुमी माझ्या घरात जेवलासा."

हे मला फार लागलं. त्यांनी शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. "जेवले अण्णा," मी म्हटलं. "म्हणून आधी तुम्हाला दाखवतेय. सदाशिव आणि गंगव्वाशिवाय बाहेर कुठं दाखवलेला नाही. पुढं काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं."

ते बाकावर बसले. टॅब्लेट मांडीवर. मग म्हणाले, "दिवाळीला तुटली. आज लावू, उद्या लावू. सोळा माग हायत, काय काय बघायचं." मला कळेना, ते मला सांगत होते की स्वतःला.

गंगव्वा दारात आली होती. "अण्णा, खरं हाय तेवढंच लिवा. जास्त न्हाय, कमी न्हाय."

"ती सीडी दे माझ्याकडं, मग लिवतो."

"सीडी माझ्यापाशी ऱ्हाईल," ती म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. पाच वर्षं ती त्यांच्या शेडमध्ये कांड्या भरत होती. मला वाटतं, तिचं एवढं ठाम बोलणं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी कागद फाडला. सुमनताईंकडं दुसरा मागितला. त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, सात नंबरच्या मागाला सळई नव्हती, कामगारानं सांगूनही बसवली नव्हती. सुमनताईंनी ते मोठ्यानं वाचून गंगव्वाला ऐकवलं, दोनदा. मग सह्या झाल्या.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. पावसाळ्यात सुमनताईंचा फोन आला. सदाशिवला रीतसर भरपाई मिळाली. डोळ्याला दिसत नाही. मागावर तो परत गेला नाही, त्याच शेडमध्ये सूत मोजून घेण्याचं काम करतो. सोळाही मागांना सळया बसल्या. त्यांतल्या चार मागांच्या कामगारांनी त्या पुन्हा काढल्या आणि त्यावरून अण्णांची त्यांच्याशी भांडणं चालू आहेत.

संपादकबाईंना मी कळवलं: लॅपटॉप घ्या. टॅब्लेट माणसाच्या हातात देता येतो हे खरं, पण म्हणूनच तो काढूनही घेता येतो, आणि त्यातून मागं काही ठेवून जाता येत नाही. त्यांनी लॅपटॉप घेतले. माझ्या पाच दिवसांतल्या गेलेल्या फोटोंबद्दल त्या नाराज होत्या आणि तसं त्यांनी सांगितलं. ते बरोबरच होतं.

कोल्हापूर, बुधवार

गाडी संध्याकाळची होती. निरोप घ्यायला दवाखान्यात गेले तर गंगव्वा फाटकाशीच वाट बघत होती.

"अक्का, सीडी हाय, पर ती भिंतीला लावायची काय? मला कागदावर पायजे."

आम्ही दोघी चालत जवळच्या फोटो लॅबमध्ये गेलो. लॅबवाल्यानं सीडी घातली, फोटो पडद्यावर आला. त्यानं विचारलं, सबंध काढू? मी हो म्हणणार होते. गंगव्वानं पडद्यावर बोट ठेवलं.

"माग नको. निस्ता ह्यो पायजे."

लॅबवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं चौकट ओढत ओढत आत आणली. आधी फडकं गेलं, मग गंजलेली भोकं, मग मागाची चौकट. शेवटी खांद्यापासून वरचा सदाशिव उरला, मागं धूसर उजेड.

फोटो ओला असल्यासारखा तिनं कडांनी धरला. एकच घेणार असं मला वाटलं होतं, पण तिनं दोन काढायला सांगितले.

"एक भिंतीला. एक गावाकडं सासूला पाठवतो," ती म्हणाली. "म्हातारीला अजून सांगितल्यालं न्हाय."